मुलुख बदलला की ताट बदलतं : वाचकांचे प्रश्न

प्रवासात हॉटेलात खाल्लेल्या जेवणाबद्दल गेल्या अंकात पत्रं मागवली होती. आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. मी सांगलीची. मिरची आणि मसाल्याचा माझा धंदा आहे आणि माझं बरंचसं गिऱ्हाईक म्हणजे राज्यभरातल्या खानावळी, ढाबे, हॉटेलं. गिऱ्हाईक पुढच्या दाराने आत जातं, मी मागच्या. पातेल्यात काय शिजतंय ते आधी दिसतं, पाटी नंतर वाचते. उत्तरं त्याच अनुभवातून दिली आहेत.

एका लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो. तिथल्या साध्या खानावळीत मटणाचं ताट खाल्लं आणि पांढरा रस्सा वाट्यावर वाट्या प्यायलो. पुण्याला परतल्यावर ‘अस्सल कोल्हापुरी’ पाटी असलेल्या हॉटेलात तेच ताट मागवलं. पैसे जवळपास दुप्पट, पांढरा रस्सा दाट आणि गोडसर, तांबडा म्हणजे नुसता जाळ. ही फसवणूक समजायची की आमच्या जिभेचा दोष? — एक वाचक, पुणे

जिभेचा दोष अजिबात नाही. पण बहुतेकांना वाटतं तसं कारण मसाल्यात नसतं. कोल्हापूरला जो कांदा-लसूण मसाला जातो, तोच पुण्यालाही जातो, मीच पाठवते. पुण्याला पोचत नाही ते अळणी पाणी.

कोल्हापूरच्या खानावळीत सकाळी आलेलं मटण मीठ, कांदा, आलं-लसूण एवढ्यावरच भरपूर पाण्यात शिजत ठेवतात. तिखट नाही, खोबरं नाही. हे अळणी पाणी म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्या ताटांचं भांडवल. घरात तेच लहान मुलांना आणि आजाऱ्याला वाटीतून देतात. मटण बाहेर काढून त्याचं सुकं करायचं आणि पाणी दोन पातेल्यांत वाटायचं. एकात मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण पडलं की तांबडा. दुसऱ्यात खडा मसाला, तीळ-खसखस-काजूचं वाटण आणि शेवटी नारळाचं दूध पडलं की पांढरा. दूध घातल्यावर त्याला खळखळून उकळी आणायची नाही, नाहीतर फुटतो. चांगला पांढरा रस्सा पातळच असतो. त्याची चव दाटपणातून येत नाही, हाडांतून उतरलेल्या रसातून येते.

आता हिशेब करून बघा. खानावळ दिवसभर मटणच विकते, त्यामुळे मोठ्या पातेल्यात हाडं भरपूर आणि पाण्याला अर्क भरपूर. ज्या हॉटेलात पनीर, चायनीज, तंदूर, बिर्याणी आणि कुठेतरी एका पानावर ‘कोल्हापुरी थाळी’ असते, तिथे दिवसाला अशा किती थाळ्या जाणार? तेवढ्या मटणात दोन-दोन रश्श्यांना पुरेल असं पाणी निघतच नाही. मग पांढऱ्या रश्श्यात काजूची पेस्ट, क्रीम, कधी कॉर्नफ्लोअर येतं आणि तुम्हाला लागला तसा दाट, गोडसर रस्सा तयार होतो.

अशा हॉटेलांची स्वयंपाकाची रीतच निराळी आहे. सकाळी तीन-चार ग्रेव्ह्या करून ठेवायच्या: टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी, परतलेल्या कांद्याची तपकिरी. रात्री शेवटचं टेबल उठेपर्यंत त्यांच्याच मिश्रणातून दीड-दोनशे पदार्थ काढायचे. यात चोरी काही नाही. एवढं लांब मेनूकार्ड पंधरा-वीस मिनिटांत टेबलावर आणायचं तर याला पर्याय नाही. देशभरच्या मेनूकार्डांवर दिसणारी ‘व्हेज कोल्हापुरी’ याच ग्रेव्ह्यांमधून निघते. कोल्हापूरच्या घरात तशी भाजी शिजताना मी पाहिलेली नाही.

जाळाबद्दलही सांगते, कारण याचं मला खरंच वाईट वाटतं. बाहेरगावच्या हॉटेलांतून फोन येतो तो, “ताई, रंग हाच राहू द्या, पण झणका वाढवा,” असा. कोल्हापूरच्या खानावळीतून असं कुणी मागत नाही. तिथल्या मसाल्यात रंगासाठी ब्याडगी असते. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ही मिरची सुरकुतलेली, गर्द लाल आणि तिखटाला मवाळ. तिखटासाठी संकेश्वरी, तीही बेताने, कारण माणसाला रस्सा वाटीभर प्यायचा असतो, पुन्हा मागायचा असतो. जो रस्सा कुणी दुसऱ्यांदा मागवत नाही तो कोल्हापुरात चालणार नाही. बाहेर मात्र कोल्हापुरी म्हणजे डोळ्यांतून पाणी, अशी गिऱ्हाइकाची समजूत झाली आहे आणि हॉटेलवाला ती पुरी करतो. चव शेवटी गिऱ्हाईकच ठरवतं, इथेही आणि तिथेही.

म्हणून ‘फसवणूक’ हा शब्द मी सरसकट वापरणार नाही. आपल्या गिऱ्हाइकाप्रमाणे चव बदलणं हा हॉटेलवाल्याचा हक्क आहे. ‘अस्सल’ अशी पाटी लावून दुप्पट पैसे घेणं हा हक्क नाही. पुण्यात चांगलं कोल्हापुरी ताट मिळतच नाही असंही नाही. मेनूकार्ड एका पानाचं आहे का, दुपारी तीनला ‘मटण संपलं’ असं सांगतात का, हे बघा. आणि बसल्याबरोबर नुसता पांढरा रस्सा वाटीभर मागवा. चमचा बुडवून वर काढला की रस्सा चमच्यावरून चटकन ओघळला पाहिजे आणि ओठांना हलका तेलकटपणा जाणवला पाहिजे. चमच्याला चिकटून राहिला तर ताट मागवू नका.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं कुटुंब मालवणला चाललो आहोत. मुख्य हेतू मासे खाणं. मुंबईतल्या मालवणी हॉटेलांपेक्षा तिथे ताजे आणि स्वस्त मिळतील ना? — एक वाचक, डोंबिवली

तारीख बदलता येत असेल तर बदला. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत थाळीत सुरमई-पापलेट दिसलं तर बहुतेक वेळा ते बर्फातलं असतं. बर्फातलंच खायचं तर डोंबिवलीत काय वाईट आहे?

सुट्टी जुलैतच पक्की असेल तर जरूर जा, पण मासे हा हेतू सोडून द्या. पावसाळ्यातलं कोकणातलं जेवण वेगळं आणि माझ्या मते हॉटेलवाल्यांनी दुर्लक्षित केलेलं आहे. खाडीतल्या कुर्ल्या मिळतात. सुक्या बांगड्याचं, सुक्या बोंबलाचं कालवण याच दिवसांत खावं. वडे आणि कोंबडीला तर ऋतू नसतो. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या हे शाकाहारी जेवण मुंबईच्या मालवणी हॉटेलात क्वचित दिसतं, तिथे आवर्जून मागा. पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या टाकळा, कुर्डू या रानभाज्या मेनूकार्डावर नसतात. ज्या घरी उतराल त्या वहिनींना आदल्या रात्री सांगून ठेवा, त्या करून घालतील. सोलकढी तिथल्या जेवणानंतरच प्या आणि तिचा रंग नीट बघून ठेवा. आमसुलाचा आणि नारळाच्या दुधाचा रंग फिका गुलाबी असतो. शहरातल्या काही हॉटेलांत जी भडक गुलाबी येते तिच्यात बीट असतं.

आमच्या तालुक्याच्या गावी हॉटेलच्या बिलात खाल्ल्याचेच पैसे असतात. मुंबईत 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला. द्यावाच लागतो का? — एक वाचक, विटा

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलला तो आपणहून बिलात घालता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये या सूचना उचलून धरल्या. शांतपणे काढून टाकायला सांगा; ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जीएसटी हा वेगळा, तो कर आहे आणि द्यावाच लागतो. वाढप्याला खुशीने काही द्यावंसं वाटलं तर त्याच्या हातात द्या.

मुलीकडे मुंबईला गेले होते. दुपारी फोर्टात एका हॉटेलात जेवायला नेलं. आमच्याच टेबलावर दोन अनोळखी माणसं आणून बसवली, आणि शेवटचा घास तोंडात असताना बिल पुढ्यात. आमच्याकडे वाढपी ‘अजून अर्धी भाकरी घ्या’ म्हणून आग्रह करतो. मुंबईच्या हॉटेलवाल्यांना माणुसकी नाही का हो? — एक वाचक, बार्शी

आजी (पत्रावरून तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या वाटता, म्हणून आजी म्हणते), तुमचा राग मला कळतो. मला पहिल्यांदा फोर्टात कुणाशेजारी बसवलं तेव्हा भाजी तोंडात फिरत होती, उतरत नव्हती. पण दोन्हीकडचा हिशेब मांडून पाहिला की राग उतरतो.

तुमच्या बार्शीला, आमच्या सांगलीला पुष्कळ खानावळी म्हणजे मालकाचंच घर. पुढच्या खोलीत चार टेबलं, मागे घरची बाई रांधते. भाडं नाही. गिऱ्हाईक तासभर बसलं तरी मालकाचं काही जात नाही, उलट उद्या परत येतं. अर्धी भाकरी आग्रहाने वाढणं त्याला परवडतं. फोर्टात दुपारी साडेबारा ते अडीच एवढाच धंदा, तेवढ्यात शेकडो कचेऱ्यांतली माणसं जेवायला उतरतात. प्रत्येकाला अर्ध्या तासात कचेरीतल्या टेबलावर परत जायचं असतं. तिथे अनोळखी माणसाशेजारी जागा देणं म्हणजे रांगेतल्या भुकेल्या माणसाची सोय. तो नोकरदार हे जाणून असतो. तो गप्पा मारत नाही, मोबाइलही बाजूला ठेवतो, पटकन जेवतो आणि उठतो.

घाई आणि आग्रह एकाच ठिकाणी बघायचे असतील तर पुढच्या वेळी मुलीला सांगून माटुंग्याला जा. स्टेशनच्या अगदी जवळ रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून आहे. केळीच्या पानावर जेवण. रांग असते, वाढपी भराभर फिरतात, पण पानावरचं संपायच्या आत पुन्हा वाढतात आणि पोटभर खाऊ घालतात. उडुपीच्या कृष्णमठातल्या पंगतीची सवय अंगी असलेली ही माणसं, त्यामुळे वेग आणि वाढणं यांत त्यांना भांडण दिसत नाही. बेंगळुरूला तर उभ्यानेच खातात. दर्शिनी म्हणतात त्या हॉटेलांना. 1980 च्या दशकात ती सुरू झाली. खुर्च्या नाहीत, म्हणून इडली स्वस्त. तिथे तुम्हाला नेणार नाही, गुडघे दुखतील.

आणि मुंबईला माणुसकी नाही असं मनात ठेवू नका. एकेकाळी गिरणगावात, लालबाग-परळला, गावाकडून एकटे आलेल्या गिरणी कामगारांना बायका आपल्या एका खोलीत स्वयंपाक करून जेवू घालत. पाळीप्रमाणे डबा तयार, पैसे पगार झाल्यावर. त्यांना खानावळवाल्या म्हणत. साताऱ्याच्या कामगाराला साताऱ्याची चव आणि मालवणच्याला मालवणची, अशी मुलखामुलखाची जेवणं त्या खोल्यांतून मुंबईत रुजली. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि जेवणाराच उरला नाही. मुंबईतल्या परप्रांतीय, परमुलखी हॉटेलांबद्दल खूप लिहिलं जातं, या बायकांबद्दल फार कमी, म्हणून इथे मुद्दाम इतकं लिहिलं.

भाचीचं लग्न नागपूरला आहे. आई-बाबा दोघंही सत्तरीपुढचे, शाकाहारी आणि तिखट न सोसणारे. सगळे सावजीचं नाव काढून घाबरवतात. ते दोघं तिथे खाणार काय? — एक वाचक, नाशिक

नागपूर म्हणजे सावजी नव्हे, हे आधी आई-बाबांना सांगा. सावजी ही विणकर हलबा कोष्टी समाजाच्या घरातली रांधण्याची रीत. तिचीच पुढे भोजनालयं झाली. मसाला इतका भाजतात की काळा होतो. दगडफूल आणि सुकं खोबरं त्यात भरपूर. पूर्वी जवसाचं तेल वापरत, आता ते कमी दिसतं. तिथे शाकाहारी माणसासाठी पाटोडीचा रस्सा असतो, बेसनाच्या वड्यांचा, आणि तो उत्तम असतो. पण तो मटणाच्या रश्श्याइतकाच तिखट, म्हणून तुमच्या आई-बाबांना तिथे नेऊच नका. शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का, हाही प्रश्न येतोच.

त्यांच्यासाठी विदर्भाच्या घरांतलं जेवण शोधा, आणि लग्नघरी ते मिळण्याची शक्यता हॉटेलपेक्षा जास्त आहे. गोळाभात, वडाभात हे मऊ, डाळीचं, वरून फोडणीचं तेल घेऊन खायचं जेवण. तेल आपल्या हातात, तिखटही आपल्या हातात. पालक घालून केलेली डाळभाजी आणि गरम भात यावर दोन दिवस सहज निघतील. सकाळी पोहे खावेसे वाटले तर गाडीवाल्याला ‘तर्री नको’ असं पोहे वाढायच्या आधी सांगा. तो सवयीने हरभऱ्याची तर्री ओततो. चुकून जास्त तिखट तोंडात गेलंच तर पाणी पिऊ नका, त्याने जळजळ पसरते. दही किंवा ताक घ्या.

तुम्ही स्वतः तिखट खात असाल तर एक संध्याकाळ सावजीसाठी ठेवा. भिवापूरची मिरची ज्या भागात पिकते तिथलं तिखट त्याच भागात खाण्यात वेगळी मजा आहे. कोल्हापूरचं तिखट जिभेवर लगेच कळतं, सावजीचं घास गिळल्यावर मागून येतं. दोन्हींत श्रेष्ठ कोण, असं मला हॉटेलवाले विचारतात. मी दोन्हीकडे मिरची विकते, तरी खरं उत्तर देते: सुक्या मटणाला कोल्हापूर, खुराला नागपूर.

मी जळगावची. लग्नानंतर ठाण्यात. इथे कोल्हापुरी, मालवणी, सावजी सगळ्या पाट्या दिसतात, खानदेशी मात्र शोधावी लागते. आणि सापडली तर शेवभाजीत पोह्यांवरची बारीक शेव! आमच्या जेवणात काही कमी आहे का? — एक वाचक, ठाणे

कमी काहीच नाही. तुमचं जेवण शेतावर आणि ढाब्यावर वाढलं. मटणाच्या थाळीसारखं किंवा मासळीच्या ताटासारखं एका शहराचं नाव त्याला चिकटलं नाही. धुळ्याकडून जाणाऱ्या महामार्गावरच्या ढाब्यांनी शेवभाजी सगळीकडे पोचवली, पण पोचताना ती ‘ढाब्याची भाजी’ झाली, ‘खानदेशची’ राहिली नाही.

भरताचं दुखणं तर आणखी खोल आहे. आसोदा, बामणोदकडची ती फिक्या हिरव्या सालीची, मोठी, कमी बियांची वांगी हिवाळ्यातली. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ती कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणासकट ठेचायची, वर शेंगदाणे, पातीचा कांदा आणि सोबत कळण्याची पुरी. ठाण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या हॉटेलात काड्या पेटवायच्या कुठे? गॅसवर भाजलेलं वांगं शिजतं, पण धूर त्यात मुरत नाही. बाराही महिने जांभळ्या वांग्याचं भरीत विकणाऱ्या हॉटेलकडून ही अपेक्षा मी ठेवत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत माहेरी जाऊन खा, किंवा त्या दिवसांत मुंबई-पुण्यात जळगावकर मंडळी मैदानावर भरीत पार्टी करतात, तिथे ओळख काढा.

शेवभाजीबाबत मात्र हॉटेलवाल्याला सूट देऊ नका, कारण ती नीट करायला काहीच अवघड नाही. जाड, तिखट, कडक शेव खास भाजीसाठी मिळते, जळगाव-धुळ्याहून ठाण्याला रोज माल येतो. रस्सा भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा आणि काळ्या मसाल्याचा, टोमॅटोच्या ग्रेव्हीचा नाही. मी ठाण्यातल्या एका हॉटेलवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बारीक शेवेची कुणी तक्रारच करत नाही.” तेव्हा तुम्ही करा. आणि जाड शेव मिळाली तरी ऑर्डर देतानाच सांगा, रस्सा उकळता आणा आणि शेव वेगळ्या ताटलीत द्या. ती आपल्या हाताने, जेवायला सुरुवात करताना घालायची.